गावचे पाणी : आणावे कोणी, राखावे कोणी?

मंडळी, गावात एखादे देऊळ बांधायचे निघाले तर वर्गणी कोणाकडून किती घ्यावयाची, हिशेब कोणी ठेवायचा आणि दिवाबत्तीचा खर्च पुढे कसा चालवायचा, हे सारे पारावर बसून ठरते. त्यासाठी बाहेरून कोणी साहेब यावा लागत नाही. पण पाण्याची गोष्ट निघाली की तेच गाव तालुक्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते. असे का झाले? पूर्वीपासूनच असे होते काय? आणि आज कायद्याने पाण्याची जबाबदारी पुन्हा गावाकडे आलेली असताना गावाने ती कशी पेलावी? या प्रश्नांचा इतिहासाच्या अंगाने थोडा विचार करू या.

जुन्या काळी गावचे पाणी म्हणजे नदीचा डोह, आड, विहीर किंवा बारव. बारवा पुष्कळदा दानधर्मातून बांधल्या गेल्या. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट आणि विहिरी आपणांस ठाऊकच आहेत. बांधणारा पुण्य जोडून गेला, राखण्याचे काम मात्र गावकीकडे आले. गावकी ते काम किती चोख करू शकते, याचा उत्तम दाखला पिण्याच्या नव्हे, शेतीच्या पाण्यात सापडतो. धुळे आणि नाशिक भागांत पांझरा, मोसम अशा नद्यांवर शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत पाहा. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाऊस कमी झाला की सर्वांनी मिळून ठरवायचे, यंदा इतकेच फड भिजवायचे. त्यामुळे तूट आली तरी ती एकाच्याच माथी पडत नसे. पाणी सोडायला पाटकरी असे आणि हंगामापूर्वी पाटातला गाळ काढायला साऱ्यांचे हात लागत. ‘माझे शेत वर आहे, मी कशाला येऊ?’ असे म्हणण्याची सोय नव्हती.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग जुने तेच सोने! पण थांबा. त्या जुन्या व्यवस्थेला दोन मोठे रोग होते. एक शरीराचा आणि एक समाजाचा. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय बुडवीत, त्यातून नारू पसरे. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा काढावा लागे आणि ऐन कामाच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळे. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्यांच्या केल्या, पाणी गाळून प्यायला लोकांना शिकवले, हापसे बसवले, तेव्हा कुठे हा रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. लक्षात घ्या, हा रोग कोणत्याही लसीने गेला नाही. तो विहिरीची बांधणी बदलल्याने आणि लोकांची सवय बदलल्याने गेला.

दुसरा रोग याहून जुना आणि चिवट. ज्या गावकीचे आपण कौतुक केले, तीच गावकी आपल्यातल्या काही माणसांना पाणवठ्यावर पाऊल ठेवू देत नव्हती. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो एका माणसाचा, स्वतःच्या मालकीच्या पाण्यापुरता निर्णय होता. सार्वजनिक पाण्याचा प्रश्न उभा राहिला तो पुढे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे ठराव केला. पण ठराव कागदावर आणि तळे जागच्या जागी! शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्या पाण्याची ओंजळ प्यायले. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने दिला तो १९३७ मध्ये. म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली!

शिक्षकमित्रहो, बोले यांच्या ठरावातले ‘सार्वजनिक पैशाने’ हे शब्द मुलांना नीट समजावून द्या. १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ घेतला जाई. रस्ते, शाळा, धर्मशाळा, विहिरी या पैशातून होत. शेतसाऱ्यावरची ही पट्टी कोणा एका जातीची नव्हती. मग त्या पैशाच्या विहिरीवर एकाच जातीचा हक्क कसा? पैसा सर्वांचा म्हणजे पाणी सर्वांचे, हा न्याय तिथून सुरू होतो. आजही गावात नळ टाकताना तो कोणाच्या आळीत आधी गेला आणि कोणाच्या वस्तीत शेवटी, हे पाहिले की महाडची आठवण शिळी झालेली नाही, हे कळते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये ग्रामपंचायतींचा नवा कायदा आला, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा काम करू लागल्या. विहिरी वाढल्या हे खरे. पण योजना वर ठरायची आणि खाली उतरायची, अशी रीत पडली. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा. पाणी साठते ते कातळाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. उथळ विहिरी आटल्या, तेव्हा यंत्राने कातळ फोडून खोल बोअर घ्यावे लागले आणि गावोगाव हापसे उभे राहिले.

या हापशाची कहाणी मोठी बोधप्रद आहे. आरंभीचे बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या अंगणातल्या वापरासाठी घडवलेले. त्यांवर सारा गाव तुटून पडला. मग काय, सांधे झिजले, दांडे मोडले आणि बोअरमध्ये पाणी असूनही बाया पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन नदीला जाऊ लागल्या. यावर उपाय कोणत्या राजधानीत निघाला नाही. तो जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कारखान्यांत निघाला. तेथील कारागिरांनी बिडाऐवजी पोलादाचा पंप केला, अनेक सांध्यांच्या जागी एकच भक्कम सांधा ठेवला आणि दांडा साखळीला जोडला. या सोलापुरी पंपाच्या आधारावर सत्तरीच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार झाला आणि भारतातच नव्हे, इतर देशांतही गेला. पुढे ‘मार्क थ्री’ आला. त्यातले झिजणारे भाग गावातल्या माणसाला थोड्या अवजारांनी बदलता यावेत, अशी योजना त्यात होती. तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंत वाट पाहण्यात जे दिवस जात, ते या एका सोयीने वाचले. यंत्र आणताना ‘हे मोडले तर कोण दुरुस्त करील?’ हा प्रश्न आधी विचारावा, हा त्यातला धडा.

नळयोजनांच्या बाबतीत हा धडा आपण पुन्हा पहिल्यापासून शिकलो. सरकारने विहीर खोदली, मोटर बसवली, उंच टाकी बांधली, फीत कापली. वर्षभराने विजेचे बिल थकले, जोडणी तुटली आणि टाकी नुसती शोभेला उरली. असे एखादे गाव आपणांपैकी प्रत्येकाच्या पाहण्यात असेल. यातूनच धोरण बदलले. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तिने नोंदवले. त्यांत पिण्याचे पाणी आहे आणि आरोग्य व स्वच्छताही आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा केला की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये. २००० पासून राज्याने ‘मागेल त्या गावाला, पण गावाच्या वाट्यासह’ असे धोरण धरले. २००२ च्या स्वजलधारा योजनेत गावाचा वाटा दहा टक्के होता. २००३ नंतरच्या जलस्वराज्य प्रकल्पात आराखडा, निविदा, खर्च हे सारे ग्रामसभा आणि गावाची समिती यांच्या हाती देण्याचा प्रयत्न झाला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशननेही तोच धागा पुढे नेला. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला आणि गावांतर्गत कामाच्या खर्चात गावाचा वाटा दहा टक्के. डोंगरी, वनक्षेत्रातील किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना पाच टक्के. हा वाटा रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमदानानेही देता येतो. समितीत निम्म्या जागा स्त्रियांना.

कोणी विचारील, गरीब गावाकडून हा दहावा हिस्सा मागावा तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. जे गाव वर्गणी जमवू शकत नाही, त्याचीच तहान सर्वांत मोठी असते. कित्येक ठिकाणी हा वाटा एखाद्या ठेकेदाराने वा पुढाऱ्याने परस्पर भरल्याचेही बोलले जाते. तसे झाले तर हेतूच संपला. कारण त्या वर्गणीचा हेतू खजिन्यात भर घालणे हा नाही. ज्याने शंभर रुपये दिले तो हिशेब विचारतो आणि ज्याने चर खणला त्याला नळ कुठून गेला हे ठाऊक असते. वाटा थोडा असो, पण तो घराघरांतून आलेला असावा.

आता थोडे गणित करू. समजा, गाव २०० घरांचे, लोकवस्ती १,०००. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज ५५,००० लिटर पाणी. समजा, महिन्याला विजेचे बिल ९,००० रुपये, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार ८,०००, टी.सी.एल. पावडर आणि किरकोळ दुरुस्ती ३,०००. झाले २०,०००. पण इथेच थांबू नका. मोटर आज ना उद्या जळणार, म्हणून दरमहा ४,००० रुपये वेगळ्या खात्यात टाका. एकूण २४,०००. घरटी १२० रुपये. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या गावचे आकडे आपण भरावेत. पण हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडून मग पाणीपट्टी ठरवली, तर ती लोकांना जुलमाची वाटत नाही. हिशेब झाकून ठेवला की साठ रुपयेही जड होतात.

एवढे झाले तरी काम अर्धेच झाले, बरं का! पाणी गावात आले की ते बाहेरही जाते. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. म्हणजे आपल्या नमुन्याच्या गावातून रोज ४४,००० लिटर! डोक्यावरून हंडे आणीत होतो तोवर मोरीचे पाणी अळूच्या वाफ्यात जिरत होते. नळ आला आणि गल्लीत डबकी साचली, त्यांत डास झाले. नळाची मागणी करणारे गाव गटाराचा आराखडा क्वचितच मागते. पाणी योजनेच्या कागदावर सांडपाण्याचे पान त्याच दिवशी लिहावे. मुरमाड जमीन असेल तर घरटी शोषखड्डा पुरतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर जिरत नाही, तिथे ते परसबागेत वळवावे किंवा नाली करून गावाबाहेर तळ्यात मुरवावे. आणि खड्डा कसलाही असो, तो विहिरीपासून दूर असावा. कातळाला भेगा असतील तर अधिकच दूर. नाहीतर आपणच घातलेली घाण आपणच उपसून पिऊ.

या कामाला आपल्याकडे थोर परंपरा आहे. गाडगेबाबांनी हाती झाडू घेतला तो उपदेशाच्या आधी. गावात शिरले की पहिल्यांदा गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. कोकणात अप्पा पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात स्वस्त संडासाचे आणि मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. माणसाने माणसाचा मैला वाहू नये, हा त्यांचा आग्रह होता. दोन खड्ड्यांचा संडास हेच तत्त्व साध्या रीतीने पाळतो. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचे खत होते आणि कोणाला घाणीत उतरावे लागत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. म्हणजे पैसा अगदीच नव्हता असे नाही. पैसा कशासाठी मागायचा हे ज्या गावाने आधी ठरवून ठेवले होते, त्याला तो उपयोगी पडला.

म्हणून शिक्षकमित्रहो, शेवटी एक काम तुमच्याकडे देतो. वरच्या वर्गातल्या मुलांना गावातल्या विहिरींची यादी करायला सांगा. कोणती कोणी व केव्हा बांधली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारू द्या. दर महिन्याला दोरी सोडून पाण्याची पातळी मोजू द्या आणि ती भिंतीवर लिहू द्या. कोणत्या घरापुढे सांडपाणी साचते, त्याचा नकाशा काढू द्या. वर्षभरात तो नकाशा आणि ती आकड्यांची भिंत ग्रामसभेच्या कामी येईल. कोणताही अभियंता आला तरी तो पहिल्यांदा हेच विचारणार आहे. आणि ज्या गावाजवळ याचे उत्तर तयार आहे, त्या गावाला तालुक्याच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.