जुन्या कॉर्व्हेटचा स्वयंचलित गिअरबॉक्स : दोष कोठे शोधावा

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९८२ च्या शेव्हरले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये '७०० आर ४' हा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स प्रथम बसवला. १९८४ पासूनच्या चौथ्या पिढीतील स्वयंचलित कॉर्व्हेटमध्येही १९९३ पर्यंत तोच कायम राहिला. १९९० च्या सुमारास त्याचे नाव तेवढे '४ एल ६०' असे झाले. १९९४ पासून मात्र त्याची जागा संगणकनियंत्रित '४ एल ६० ई' ने घेतली. त्यामुळे दोष शोधण्यापूर्वी गाडीचे वर्ष निश्चित करणे आवश्यक ठरते. एका प्रकाराचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून परिचित झालेल्या एएमटी प्रणालीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. कॉर्व्हेटमधील रचना याहून वेगळी आहे. येथे अनेक क्लच-चकत्या आणि एक पट्टा तेलाच्या दाबाने आवळले जातात व त्यातून गिअर पडतो. दाब कमी पडला की चकत्या पूर्ण पकड न घेता घासत राहतात आणि जळतात.

म्हणून पहिली तपासणी तेलाची. गाडी सपाट जागी उभी करून, तेल गरम झाल्यावर, लिव्हर 'पार्क' मध्ये व इंजिन मंद गतीने चालू ठेवून पातळी पाहावी. इंजिन बंद करून घेतलेले माप चुकीचे ठरते. लाल तेल तपकिरी पडून जळका वास येत असल्यास चकत्या जळाल्याचे समजावे. तेल गुलाबी व दुधाळ दिसत असल्यास रेडिएटरमधील तेलाच्या कूलरला गळती लागून शीतक आत शिरल्याची शक्यता असते; अशी गाडी चालवू नये. पातळी कमी असल्यास लिव्हर 'ड्राइव्ह' मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हालते किंवा वळणावर पकड सुटते. तेल प्रमाणाबाहेर भरल्यासही फेस होऊन दाब घटतो.

यानंतर सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वाधिक गैरसमज असलेली, बाब म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. एक्सिलरेटरबरोबर ओढली जाणारी ही केबल केवळ गिअर कधी बदलावा एवढेच ठरवते, असे अनेक जण मानतात. जुन्या 'टर्बो ३५०' गिअरबॉक्सवर काम केलेल्या कारागिरांचा हा समज स्वाभाविक आहे, कारण तेथील केबल प्रामुख्याने खालचा गिअर पाडण्यासाठी होती आणि दाब इंजिनाच्या निर्वातावर ठरत असे. '७०० आर ४' मध्ये तेलाचा दाबही याच केबलवर अवलंबून असतो. केबल सैल राहिल्यास गिअर लवकर व मऊपणे बदलतात. चालकाला ते सुखद वाटते, पण आत चकत्या अपुऱ्या दाबाखाली जळत असतात. नव्याने दुरुस्त केलेला गिअरबॉक्सही या एका चुकीने पुन्हा निकामी होऊ शकतो. केबल फार ताणलेली असल्यास गिअर उशिरा व धक्क्याने बदलतात.

केबल जुळवण्यास विशेष हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून केबलच्या टोकाजवळील कळ दाबावी, सरकता भाग थ्रॉटलच्या लिव्हरपासून दूर, शेवटपर्यंत मागे न्यावा, कळ सोडावी आणि लिव्हर हाताने पूर्ण उघडावा. 'कट कट' असा आवाज येऊन केबल आपोआप योग्य जागी बसते. मूळ थ्रॉटल बॉडी बदलून दुसरी बसवलेल्या गाडीत लिव्हरची लांबी व कोन जुळत नसल्यास हे जुळवणे व्यर्थ ठरते. हौसेने इंजिन बदललेल्या गाड्यांत हे विशेष पाहावे.

महामार्गावर इंजिनाचे फेरे अपेक्षेपेक्षा जास्त राहत असल्यास चौथा गिअर पडत नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच लागत नसल्यासही असेच वाटते. स्थिर वेगात, एक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला हलका स्पर्श करावा. फेरे किंचित वाढून पेडल सोडल्यावर पुन्हा उतरले, तर लॉक-अप चालू आहे. तसे न झाल्यास आधी ब्रेक पेडलवरील स्विच तपासावा. याउलट गाडी थांबताना इंजिन बंद पडत असल्यास हा क्लच सुटत नसावा.

यापुढील दोष आतले असतात आणि कोणते गिअर नाहीसे झाले यावरून त्यांचा माग लागतो. तिसरा व चौथा दोन्ही गेले, तर त्यांचा सामाईक क्लच जळालेला असतो. हा या गिअरबॉक्सचा प्रसिद्ध दुबळा भाग आहे. तिसरा शाबूत असून दुसरा व चौथा नसल्यास पट्ट्याकडे संशय जातो. त्यांच्यासोबत रिव्हर्सही गेला असेल, तर सन गिअरला जोडलेले कवच तुटले असण्याची शक्यता मोठी असते. गाडी पहिल्यातून वरच जात नसेल, तर प्रथम गव्हर्नर व त्याचे दातेरी चाक पाहावे. तो भाग गिअरबॉक्स न उतरवता काढता येतो.

पॅन उघडल्यावर तळाशी थोडी बारीक राखाडी पूड आढळणे सामान्य आहे. धातूचे तुकडे किंवा काळ्या चकत्यांचे कण दिसल्यास मात्र केवळ तेल व फिल्टर बदलून भागत नाही. असा गिअरबॉक्स उतरवताना कूलर व त्याच्या नळ्याही धुऊन घ्याव्या लागतात, अन्यथा तोच कचरा नव्या चकत्यांत परततो.