अथेन्सचे नागरिक आणि सिसिलीची स्वारी

ख्रिस्तपूर्व ४१३ या वर्षीं सिसिली बेटांतील पराभवाची वार्ता अथेन्स नगरीस पोंचली, तेव्हां प्रथम कोणाचा तिच्यावर विश्वासच बसेना. जीव वांचवून परतलेले सैनिक प्रत्यक्ष हकीकत सांगत होते. तरीहि एवढें आरमार समूळ नाहींसें झालें हें लोकांना खरें वाटेना. वार्ता खरी ठरल्यावर मात्र त्यांचा क्रोध उसळला, आणि तो वळला स्वारीचा पुरस्कार करणाऱ्या वक्त्यांवर. अथेन्सचाच इतिहासकार थ्युसिडिडीस येथें एक मार्मिक गोष्ट नमूद करतो. या स्वारीस मत देणारे आपणच होतों, याचा त्या संतप्त नागरिकांना जणूं विसर पडला होता.

राजाच्या राज्यांत युद्धाचा दोष राजाच्या माथीं ठेवून प्रजेला मोकळें होतां येतें. अथेन्समध्यें ती सोय नव्हती. युद्ध कीं तह, याचा निर्णय नागरिकांची सभा स्वतः हात वर करून देत असे. स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी यांना तींत स्थान नव्हतें; निर्णयाचीं फळें मात्र त्यांनाहि भोगावीं लागत. म्हणून ज्यांना मताचा अधिकार होता, त्यांचें दायित्व अधिकच मोठें होतें.

हें दायित्व त्यांनीं कसें पार पाडलें ? ख्रिस्तपूर्व ४१५ मध्यें सिसिलींतील सेगेस्टा नगराच्या वकिलांनीं शेजाऱ्यांविरुद्ध साहाय्य मागितलें. त्यांनीं ६० टॅलेंट चांदी बरोबर आणली होती, आणि घरीं आणखी विपुल द्रव्य असल्याचें आश्वासन दिलें होतें. आरमार सिसिलीस गेल्यावर तेथें अवघे ३० टॅलेंट शिल्लक असल्याचें आढळून आलें. ज्या बेटावर चालून जावयाचें तें केवढें व तेथें वस्ती किती, याचीहि बहुतेकांना कल्पना नव्हती. सेनापति निसियस यानें सभेपुढें विरोध केला. तो फुकट जातो असें पाहून त्यानें स्वारीस किती प्रचंड सामग्री लागेल याचा पाढा वाचला. लोक खर्चाला भिऊन माघार घेतील अशी त्याची अपेक्षा होती. परंतु एवढी सिद्धता असल्यास विजय निश्चित, असें मानून सभेचा उत्साह द्विगुणित झाला. ज्यांना ही स्वारी मनांतून अमान्य होती, ते विरुद्ध मत दिल्यास आपण देशाचे शत्रु ठरूं या भीतीनें गप्प बसले.

१३४ लढाऊ गलबतें व ५,१०० अवजड शस्त्रधारी पायदळ घेऊन स्वारी निघाली. मागाहून आणखी कुमक धाडण्यांत आली. दोन वर्षांनीं त्यांपैकीं निदान ७,००० लोक सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कैदी होते. अन्न, पाणी आणि सांवली यांच्या अभावीं कित्येक तेथेंच मेले.

या नाशाचें एक कारण विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. माघार घेण्याची वेळ आली असतां निसियस ती घेण्यास कचरला. संकटाचा आतां आक्रोश करणारे सैनिकच स्वदेशीं परतल्यावर सेनापतींनीं लांच खाल्ली असा आरोप करतील, आणि सभा तो मान्य करील, अशी त्याला धास्ती होती. स्वतःच्या निर्णयाचा दोष दुसऱ्यावर लादण्याची जनतेची ही संवय शेवटीं तिच्याच सैन्याच्या जिवावर बेतली.

हेच नागरिक याहून वेगळें वागूं शकत होते, याला त्यांचाच इतिहास साक्षी आहे. बारा वर्षांपूर्वीं, ४२७ मध्यें, लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी नगराचें बंड मोडल्यावर तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावें व बायकामुलांना गुलाम करावें, असा ठराव याच सभेनें रागाच्या भरांत केला. आज्ञा घेऊन गलबत निघालें. दुसऱ्या दिवशीं लोकांच्या मनाला त्या निर्दयतेची टोंचणी लागली व सभा पुन्हां भरली. क्लिऑननें पहिला ठराव उचलून धरला; डायोडोटसनें त्यास विरोध केला. थोडक्याच मतांनीं डायोडोटसचा पक्ष विजयी झाला. लगेच दुसरें गलबत सुटलें. त्यावरील वल्हेकऱ्यांनीं मद्यांत व तेलांत मळलेलें सातूचें पीठ वल्हीं मारतां मारतांच खाल्लें, आळीपाळीनें झोंप घेतली, आणि पहिली आज्ञा वाचून होते न होते तोंच तें बंदराला लागलें. तरीहि बंडाचे प्रमुख ठरविलेले हजारांहून अधिक लोक पुढें मारले गेलेच, म्हणून हा प्रसंग निष्कलंक नव्हे. पण नगर वांचलें.

ठराव संमत झाल्यावर नागरिकानें मौन धरावें, असें प्रत्येक युद्धांत सांगण्यांत येतें. मिटिलीनीच्या वेळीं अथेन्सनें तसें मौन धरलें असतें, तर दुसरें गलबत सुटलेंच नसतें. मत देण्यापूर्वीं माहिती करून घेणें, पटलें नाहीं तर तें सभेंत बोलून दाखविणें, आणि चूक उमगतांच ती सुधारण्यासाठीं पुन्हां सभा मागणें, हीं तिन्ही नागरिकाचींच कर्तव्यें आहेत. सिसिलीच्या सभेंत वर गेलेले हात मोजले गेले; भीतीनें खालीं राहिलेले हात कोणीं मोजले नाहींत. सिराक्यूजच्या खाणींत मात्र असा भेद करावयास कोणी उरलें नव्हतें.