पागलखाना चौकाच्या अलीकडे

नागपुरात छावणीकडून मानकापूरकडे जाताना पागलखाना चौक लागतो. 'प्रादेशिक मनोरुग्णालय' हे सरकारी नाव ऑटोवाल्याला सांगून बघा, तो क्षणभर विचार करतो आणि मग आपल्यालाच दुरुस्त करतो, "पागलखाना म्हणा ना!" हे रुग्णालय 1864चं. मध्य प्रांत अस्तित्वात आला 1861मध्ये. म्हणजे वेड्यांना ठेवायला जागा करण्याची निकड इंग्रजांना तीनच वर्षांत भासली. विद्यापीठासाठी शहराला 1923पर्यंत थांबावं लागलं.

आम्ही चार घरांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली आहे, ती या चौकाच्या थोडी अलीकडे. चारही घरांत एकेक मोठं माणूस आहे, कुणी स्वमग्न, कुणी डाउन सिंड्रोम असलेलं, आणि चौघांनाही चित्र काढल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांच्यासाठी स्टुडिओ करायचा असं ठरलं तेव्हा साहजिकच प्रश्न आला की अशा माणसांना आमच्या भागात आजवर कुठली जागा मिळाली. त्या शोधात मी बरंच मागे गेलो.

तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते, चक्रधरस्वामींचे गुरू. गावातले लोक त्यांना वेडा म्हणत, पिसा म्हणत. ते कुणाच्याही घरात शिरत, हवं ते खात, मनात येईल तसं खेळत, हसत, रागावत. आजचं एखादं निदान उचलून त्यांना चिकटवण्याचा मोह होतो, पण तो अडाणीपणा होईल. मला त्यांच्यापेक्षा त्यांच्याभोवतीच्या माणसांचं कुतूहल वाटतं. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या, त्या क्षुल्लक वाटाव्यात इतक्या बारीक आहेत. काय खाल्लं, कुणाला काय म्हणाले, कशावर रुसले. सांगणाऱ्यांना त्या वागण्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही. जे घडलं ते लीळा म्हणून नोंदलं गेलं. मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या काळात, आमच्या वऱ्हाडात, जगाने वेडा ठरवलेल्या माणसाकडे इतकं टक लावून पाहिलं गेलं, ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

अर्थात त्यासाठी आधी देव असावं लागतं. कामठीत 1861मध्ये जन्मलेल्या ताजुद्दीन यांना 1892मध्ये याच पागलखान्यात टाकलं गेलं आणि सुमारे सोळा वर्षं ते तिथेच होते. 1908मध्ये रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्याकडे नेलं. आज ताजबागच्या उर्साला सगळ्या धर्मांची गर्दी लोटते. पण त्या सोळा वर्षांत शेजारच्या कोठड्यांत जे होते आणि जे बाबा झाले नाहीत, त्यांच्यासाठी कुठला राजा आला नाही.

विसाव्या शतकात शाळा आल्या. मुंबईत 1944मध्ये जय वकील शाळा, पुण्यात 1964मध्ये कामायनी. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी 1921मध्ये स्थापलेल्या मातृ सेवा संघाने पुढे 'नंदनवन' ही मतिमंद मुलांची शाळा काढली. या शाळांनी काय केलं हे ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना सांगावं लागत नाही. पण शाळा अठराव्या वर्षी संपते, आणि पुढे असलीच तर कार्यशाळा असते: पाकिटं, मेणबत्त्या, दिवाळीला पणत्या. मी या कामाला हसणार नाही. त्यातून चार पैसे मिळतात, घराबाहेर पडायला कारण मिळतं. फक्त पणतीवर रंगाचा फराटा बाहेर गेला की ताई तो पुसून घेतात, कारण घेणाऱ्याला सगळ्या पणत्या सारख्या हव्या असतात.

माझा धाकटा भाऊ आता छत्तीस वर्षांचा आहे. तो कूलर काढतो. गेली वीस वर्षं तो कूलरच काढतो आहे: टाकी, पंप, लाकडाच्या भुशाच्या जाळ्या, मागून लोंबणारी वायर. ज्यांनी नागपूरचा मे महिना काढला आहे त्यांना त्या चित्रांत घरघर ऐकू येते. त्याच्या शाळेच्या कागदांवर 'मतिमंद' लिहिलं आहे. 1995च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नतेचं नाव नव्हतं. 2016च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. कागदावरचा शब्द बदलायला असा कायदाच बदलावा लागला. दरम्यान पाहुणे विचारत राहिले, "याला फुलंबिलं काढायला शिकवा ना!"

फुलं न शिकवणारी जागा कशी असते याचा नमुना सापडला तो फार दूर, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. तिथल्या मोठ्या सरकारी संस्था रिकाम्या होत होत्या आणि बाहेर पडलेल्यांना जागा नव्हती. 1974मध्ये फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ ही चित्रकार आणि तिचा मानसशास्त्रज्ञ नवरा इलायस कॅट्झ यांनी स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये 'क्रिएटिव्ह ग्रोथ' सुरू केलं. तिथे ज्युडिथ स्कॉट आली 1987मध्ये. जन्म 1943चा, डाउन सिंड्रोम, शिवाय बहिरी, आणि तिचं बहिरेपण कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्याची पस्तीसेक वर्षं ती संस्थांमध्ये होती. जुळ्या बहिणीने तिला बाहेर काढलं. स्टुडिओत जवळजवळ दोन वर्षं तिने लक्षात राहावं असं काहीच केलं नाही. मग एके दिवशी ती वस्तूंभोवती सूत गुंडाळू लागली आणि 2005मध्ये मरेपर्यंत गुंडाळत राहिली. ती शिल्पं आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

मी त्या शिल्पांपाशी कमी आणि त्या दोन वर्षांपाशी जास्त थांबतो. दोन वर्षं तिला टेबल होतं, साहित्य होतं आणि प्रगतिपुस्तक नव्हतं. आपल्याकडच्या कुठल्या अनुदानाच्या तिमाही अहवालात ती दोन वर्षं बसली असती? 2025चं टर्नर पारितोषिक नेना कालूला मिळालं, तेव्हाही वर्तमानपत्रांनी मथळे केले ते ते पारितोषिक जिंकणारी पहिली अध्ययन-अक्षम कलावंत म्हणून. लंडनच्या 'अॅक्शनस्पेस' या स्टुडिओत ती 1999पासून काम करते आहे. सव्वीस वर्षं.

आपल्याकडे कायदा याबाबतीत कमी पडत नाही. 2016च्या कायद्याचं कलम 29 वाचून मी चाट पडलो. अपंग कलावंतांना आणि लेखकांना सोयी, आधार आणि प्रायोजकत्व द्यावं. कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना सामावून घेतील असे नव्याने आखावेत. इतकंच काय, अपंगत्वाच्या इतिहासाचं संग्रहालय उभारावं, असं त्यात लिहिलं आहे. शहराला मनावर घेतलं तर बांधताही येतं. पारडीचं 'अनुभूती' उद्यान सुमारे 90 हजार चौरस फुटांचं आहे. आमची खोली एवढुशी. बाग बांधून झाली की झाली. स्टुडिओत मात्र रोज ठरल्या वेळी कुणीतरी कुलूप उघडावं लागतं.

कामाच्या गोष्टी आम्ही हळूहळू शिकलो. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि ती बदलायची नाही. दोन टेबलं भिंतीकडे तोंड करून, कारण समोर माणूस दिसला की हात थांबतो. रंग कपाटात बंद न ठेवता उघड्या फळीवर, म्हणजे मागायला शब्द लागत नाहीत. कूलर हा मोठाच पेच. एकीला त्याच्या आवाजाने डोकं आपटावंसं वाटतं, माझ्या भावाला तोच आवाज हवा असतो, आणि ओलसर हवेने कागद लुळा पडतो तो वेगळाच. शेवटी कूलर बाहेरच्या खोलीत गेला, भावाचं टेबल दाराशी आलं आणि कागद जाड घेतला. एक तरुण चित्रकार आठवड्यातून तीनदा येतो. त्याला एकच अट आहे, दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात तो आपले दोन्ही हात खिशात घालून फिरायचा.

आता अडलं आहे ते पैशाचं, आणि अडचण पैसे मिळाले त्याची आहे. एका गृहस्थांनी कूलरचं एक चित्र विकत घेतलं. किंमत ठरवताना ते पुन्हा पुन्हा 'देणगी' म्हणत होते, आम्ही पुन्हा पुन्हा 'किंमत' म्हणत होतो, आणि पावतीवर चित्रकाराचं नाव घातलं. पण चित्रकाराचं स्वतःचं बँक खातं नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अठरा वर्षांवरच्या माणसाला पालक नेमण्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. तो मी केला आहे. अर्जात त्याच्या व्यवसायाचा रकाना होता. तिथे मी 'चित्रकार' लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय काढतात?"