बेइमानी कुणाशी?

कोरेगावहून परतताना एस्टीत शेजारी एक गृहस्थ बसले होते. मध्यमवयीन, बोलायला गोड. माझ्या छातीवरचा बाबासाहेबांचा बिल्ला बघून म्हणाले, "एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही लोक इंग्रजांकडून लढलात, आपल्याच माणसांविरुद्ध. त्याचा अभिमान कसला धरता?" मी काहीतरी बोललो, पण ते माझं मलाच पटलं नाही. संगमनेरला ते उतरून गेले. देवळाली कॅम्पात पोचेपर्यंत प्रश्न डोक्यात माशीसारखा घुमत राहिला. १ जानेवारी २०१८ च्या दगडफेकीनंतर तुम्हालाही हे कुणीतरी विचारलंच असेल.

दोस्तांनो, उत्तर शोधता शोधता मी पार मेक्सिकोत जाऊन पोचलो. कसा ते सांगतो.

शाळेत आपण घोकलं, कोलंबसानं अमेरिकेचा शोध लावला. हा गडी निघाला होता आपल्याकडं यायला आणि पोचला भलतीकडं. वाट चुकलेल्याला शोध लावणारा म्हणायचं हे पुस्तकवाल्यांनाच जमतं. १२ ऑक्टोबर १४९२ ला तो ज्या बेटावर उतरला त्याला तिथली माणसं ग्वानाहानी म्हणायची. यानं नाव बदलून सान साल्वादोर केलं आणि माणसांना इंडियन करून टाकलं. पहिल्याच दिवसाच्या रोजनिशीत नोंद आहे की ही माणसं चांगले नोकर होतील. तीन वर्षांनी, १४९५ साली, एस्पान्योला बेटावर हुकूम निघाला. सोन्याच्या मुलखात राहणाऱ्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकानं दर तीन महिन्यांनी घुंगरूभर सोनं आणून द्यायचं. दिलं की पावती म्हणून धातूचा बिल्ला मिळायचा, तो गळ्यात अडकवायचा. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला शिक्षा.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं असायचं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलंय. पृथ्वीच्या दोन टोकांना राज्य करणाऱ्यांना माणसाचा गळाच कसा सापडला?

पुढं १५१३ साली स्पेनच्या राजानं एक कागद तयार करवला. शिपायांनी गावाबाहेर उभं राहून तो स्पॅनिश भाषेत वाचायचा, समोरच्याला एक अक्षर कळो ना कळो. पोपनं हा मुलूख आमच्या राजाला दिलाय, मुकाट्यानं कबूल करा, नाहीतर लढाई करू, बायकापोरांना गुलाम करू आणि दोष तुमचाच राहील, असा मजकूर. आपल्याकडं धर्मशास्त्रानं लिहिलं की शूद्रानं वेद ऐकला तर कानात तापलेलं शिसं ओता. तिकडं न ऐकल्याची शिक्षा, इकडं ऐकल्याची.

इथवर गोष्ट सोपी आहे. एक जुलमी, एक गरीब. पण १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला आणि गोष्ट अवघड झाली. त्याच्याजवळ शिपाई होते पाचशेच्या आसपास, घोडे सोळा. समोर मेक्सिका लोकांचं राज्य, ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान, पाण्यात वसलेलं अफाट शहर. पाचशे माणसांनी हे राज्य बुडवलं असं गोरे लोक छाती फुगवून सांगतात. साफ खोटं! पाचशे माणसं एवढं मोठं राज्य बुडवत नाहीत. ज्यांना त्या राज्यानं चिरडलं होतं ते हजारोंनी कोर्तेसच्या बाजूला उभे राहिले, म्हणून ते बुडालं.

त्यात पहिले त्लाश्कालाचे लोक. त्यांच्या मुलखाला मेक्सिकांनी चारी बाजूंनी वेढलं होतं, व्यापार तोडला होता. त्यांना मीठ मिळत नव्हतं, कापूस मिळत नव्हता. पिढ्यानपिढ्या अळणी खायचं. लढाया लादून कैदी न्यायचे आणि देवापुढं बळी द्यायचे. तरी त्लाश्कालावाल्यांनी गोऱ्याला लगेच मिठी मारली नाही. सप्टेंबर १५१९ मध्ये आधी त्याच्याशीच लढले. जिंकता येईना, तेव्हा हिशेब केला की हा नवा आहे, तो जुना वैरी आहे. आणि तह केला. जून १५२० मध्ये कोर्तेस मार खाऊन राजधानीतून पळाला तेव्हा यांनीच त्याला आसरा दिला. देवीच्या साथीनं त्या साली शहर पोखरलं, पुढच्या साली वेढा पडला, आणि १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं.

आता आपण भावनेच्या भरात वाहून जायला नको. त्लाश्काला म्हणजे महारवाडा नव्हे. त्यांचेही सरदार होते, तेही बळी द्यायचे. चोलुला गावात कोर्तेसनं कत्तल केली तेव्हा हे लोक त्याच्याबरोबर होते, त्यांनीही मारलं. आपल्या कोरेगावचंही खरं ते सांगावं. त्या पलटणीत एकटे महार नव्हते, मराठे होते, मुसलमान होते. पेशव्याकडं अरब होते. खांबावर 'नाक' लागलेली आपली नावं आहेत, तशी दुसरीही आहेत.

मला आपलं माणूस वाटलं ते दुसरंच, एक बाई. मालिन्त्झिन. पोरवयात घरच्यांनीच तिला परक्यांच्या हवाली केलं असं कोर्तेसचा एक शिपाई लिहून गेलाय. मार्च १५१९ मध्ये किनाऱ्यावरच्या लोकांनी लढाई हरल्यावर गोऱ्यांना वीस बायका देऊन टाकल्या, कोंबड्या द्याव्या तशा. त्यात ही एक. तिला मेक्सिकांची भाषा येत होती, किनाऱ्यावरची माया भाषाही येत होती. थोड्याच दिवसांत स्पॅनिश शिकली आणि दुभाषी झाली. कोर्तेसला तिच्यापासून मुलगा झाला, मग त्यानं तिचं लग्न आपल्या एका माणसाशी लावून दिलं. पुढं मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा तिच्या नावाची शिवी झाली. परक्यांची तळी उचलणाऱ्याला तिथं आजही मालिन्चिस्ता म्हणतात.

माझा प्रश्न एवढाच, की जिला आपल्याच माणसांनी हातोहात देऊन टाकलं, तिनं बेइमानी केली ती कुणाशी? बेइमानी करायला आधी इमान असावं लागतं, आणि इमान दोन्ही बाजूंनी असतं. पेशव्यानं आपल्याशी कुठलं इमान राखलं होतं?

पण मग गोरा आपला तारणहार का? त्लाश्कालावाल्यांना विचारा. सवलती मिळाल्या. त्यांचा मुलूख कुणा स्पॅनिशाच्या खाजगी वेठीला दिला नाही, त्यांची पंचायत राहिली. पण रोगराईनं माणसं गेली, कर द्यावाच लागला. १५९१ साली त्यांची चारशे कुटुंबं उचलून उत्तरेला पाठवली, तिथल्या बंडखोर टोळ्यांच्या मुलखात वस्ती करायला. जिंकून दिलेल्यांनाच पुन्हा पुढच्या रांगेत उभं केलं.

आपलं काय झालं? देवळालीच्या याच कॅम्पात १८६१ पासून गोऱ्या पलटणी विलायतेहून यायच्या, परतीच्या बोटीची वाट बघत पडून राहायच्या. ज्या फौजेसाठी कोरेगावला रक्त सांडलं, त्या फौजेनं १८९० नंतरच्या काळात महारांची भरती बंद केली. लढाऊ जात नाही म्हणे! गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करावा लागला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या खांबापाशी गेले, आणि त्याच बाबासाहेबांनी १९३० साली लंडनला गोलमेज परिषदेत इंग्रजांना तोंडावर सुनावलं की तुमचं राज्य येऊनही आमची विहीर बंदच आहे, मंदिर बंदच आहे. त्याच वर्षी मार्चपासून इथं नाशिकला काळारामाच्या दारात आपले लोक बसले होते. खांबाला मानवंदना आणि इंग्रजाला जाब, दोन्ही एकाच माणसानं केलं. एस्टीतल्या त्या गृहस्थांना मला हे सांगायचं होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

शेवटी कापडाची गोष्ट. मी सूत-कापडाच्या धंद्यातला, म्हणून मला ती जास्त लागली. १५५२ च्या सुमारास त्लाश्कालाच्या लोकांनी आपला इतिहास एका लांबरुंद कापडावर रंगवून घेतला. कोर्तेसनं लिहिलेली पत्रं होतीच, त्याच्या शिपायांनी ग्रंथ लिहिले. यांनी चित्रं काढली, आम्ही इथं लढलो, इथं त्याला जेवू घातलं, इथं आसरा दिला, आता आमचं देणं द्या. ज्या कापसाला ते एकदा महाग झाले होते त्याच कापसाच्या कापडावर. त्यात मालिन्त्झिन चित्रामागून चित्रात आहे, बऱ्याचदा मधोमध, आजूबाजूच्या सरदारांपेक्षा उंच. तिच्या नावाची शिवी व्हायला अजून काही शतकं होती.

मूळ कापड हरवलं. नकला शिल्लक आहेत.