हिवाळी युद्ध आणि फिनिश राष्ट्रभावना

सोव्हिएत संघ व फिनलंड यांच्यातील हिवाळी युद्ध ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० असे १०५ दिवस चालले. आजच्या फिनिश समाजाची घडण त्यात दिसते, पण ती कळण्यासाठी आधी १९१८ कडे जावे लागते. रशियापासून स्वतंत्र झाल्यावर काही आठवड्यांतच तेथे कामगार व कुळांचे ‘लाल’ आणि सरकारपक्षाचे ‘पांढरे’ यांच्यात यादवी पेटली. सुमारे ३६ हजार माणसे मेली. त्यांपैकी १२ हजारांहून अधिक लाल कैदी छावण्यांत भुकेने व रोगांनी गेले. पुढची दोन दशके १६ मे हा पांढऱ्यांचा विजयदिन लष्करी थाटात साजरा होई. हरलेल्यांना आपल्या मृतांसाठी उघडपणे रडणेही कठीण होते.

अशा देशावर हल्ला केला की तेथील कामगार आपल्याकडे येतील, असा मॉस्कोचा होरा होता. यादवीतील लाल नेते ओटो कूसिनेन यांचे एक सरकारही सीमेलगतच्या तेरियोकी गावी उभे करण्यात आले. त्याच्यामागे कोणी गेले नाही. लालांची मुले आणि पांढऱ्यांची मुले एकाच तुकडीत लढली. जानेवारी १९४० मध्ये, लढाई चालू असतानाच, मालकांच्या मध्यवर्ती संघटनेने कामगार महासंघाशी वाटाघाटी करण्याचे मान्य केले.

सुमारे ३७ लाख लोकसंख्येच्या या देशाचे जवळपास २५ हजार सैनिक पडले. शक्य तेथे त्यांचे देह आघाडीवरून गावी आणून चर्चच्या आवारात पुरले गेले. सरसेनापती मान्नरहाइम १९१८ मध्ये पांढऱ्यांचेच सेनानी होते. त्यांनीच १९४० मध्ये १६ मेचा विजयसोहळा थांबवून यादवीतील दोन्ही बाजूंच्या मृतांसह सर्वांसाठी स्मृतिदिन ठरवला. या युद्धातील सर्वांत थोर निर्णय हाच म्हणावा लागेल.

तहात कारेलिया प्रांताचा मोठा भाग गेला आणि चार लाखांहून अधिक लोक घरदार सोडून आले. म्हणजे दर नऊ फिनिश माणसांत एक निर्वासित. १९४१ मध्ये जर्मनीच्या बाजूने फिनलंड पुन्हा युद्धात उतरला. गेलेला प्रदेश परत मिळाल्यावर बरेच कारेलियन घरी परतले आणि १९४४ मध्ये तो पुन्हा गेल्यावर दुसऱ्यांदा विस्थापित झाले. १९४५ च्या कायद्याने सरकार, चर्च, कंपन्या आणि खासगी मालक यांच्याकडील जमीन घेऊन निर्वासितांना व माजी सैनिकांना दिली. तरीही ऑर्थोडॉक्स पंथाच्या कारेलियनांना ‘रशियन’ म्हणून हिणवले गेले. सोव्हिएत संघाला द्यायची ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई जहाजे, यंत्रे, लाकूड अशा मालाच्या रूपाने १९५२ पर्यंत फेडली गेली; त्या सक्तीतून धातुउद्योग वाढला.

एकजूट खरी होती, पण तिने १९१८ ची जखम बरी केली नाही, फक्त झाकली. कादंबरीकार व्हॅइनो लिन्ना यांनी आपल्या त्रिखंडी कादंबरीच्या १९६० च्या दुसऱ्या खंडात यादवी लाल कुळांच्या बाजूने मांडली, तेव्हा इतिहासकारांशी मोठा वाद झाला. त्यानंतर याक्को पाव्होलाइनेन यांनी दोन्ही बाजूंच्या हत्यांचा अभ्यास हाती घेतला आणि १९६६ पासून तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.