पतीचा बाप्तिस्मा, पत्नीचें सोवळें

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्मांतराचा इतिहास आपल्याकडे बहुधा वादविवादांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. १८३१ सालीं मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा मुंबईंत वाद झाला; १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकांठीं मिशनऱ्यांशीं सवालजबाब केले; उभय पक्षांनीं पुस्तकें काढलीं, उत्तरें दिलीं, प्रत्युत्तरें दिलीं. हे सर्व कागद जपून राहिले आहेत. परंतु वाद आटोपून माणूस घरीं गेला म्हणजे तेथें काय होई, तो ख्रिस्ती झाल्यावर त्याची बायको कोठें जाई, त्याच्या ताटाचें काय होई, सासरामाहेरचीं माणसें एकमेकांशीं काय बोलत, याचा पत्ता त्या कागदांत फारसा लागत नाहीं. आणि खरें भांडण तर तेथेंच होतें.

हें भांडण कशाविषयीं होतें हें पाहण्यास श्रीपत शेषाद्रीचें प्रकरण चांगलें आहे. १८४३ सालीं नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अवघा बारा वर्षांचा. तोहि भावापाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरीं जाऊन राहिला. बापानें कोर्टांत दाद मागितली व मुलगा बापाच्या ताब्यांत परत मिळाला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. म्हणजे ख्रिस्ती शास्त्राप्रमाणें तो ख्रिस्ती नव्हताच. तरीहि त्याला जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून शहरांत मोठें काहूर उठलें. बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला म्हणून सनातनी मंडळींचा रोष त्यांना सोसावा लागला. त्या मुलाचा येशूवर विश्वास बसला होता काय, हा प्रश्न या गदारोळांत जवळजवळ कोणीच विचारला नाहीं. तो कोणाच्या घरीं जेवला, एवढाच प्रश्न होता. मिशनरी मनुष्याच्या अंतःकरणाकडे बोट दाखवीत होते; घरचीं माणसें त्याच्या ताटाकडे पाहत होतीं. दोघेहि 'धर्म' हाच शब्द वापरीत, म्हणून एकाच गोष्टीवर भांडण चाललें आहे असा भास होई.

नवराबायकोंमध्यें ही फूट पडली म्हणजे पेंच अधिकच कठीण होई. पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत या गोष्टीचा विचार केला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं ख्रिस्ती झालेल्या पुरुषाची बायको जुन्या धर्मांत राहिली व ती त्याच्याजवळ नांदावयास राजी असली, तर त्यानें तिला टाकूं नये. स्त्रीनेंहि तसल्या पतीला टाकूं नये. पण जो विश्वास ठेवीत नाहीं तो आपण होऊन निघून जाऊं लागला तर जाऊं द्यावा, मग मागें राहिलेला बांधलेला नाहीं. पौलाच्या ग्रीक गांवांत हें शहाणपणाचें होतें. आमच्या हिंदुस्थानांत मात्र राजी असणें म्हणजे काय, हेंच ठरेना. पतीवर जीव आहे, पण त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं, अशी बायको राजी म्हणावी कीं नाराजी?

कायद्याची स्थिति अशी होती. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म सोडणाराचा मालमत्तेवरील हक्क शाबूत राहिला. लग्नाविषयीं मात्र त्यांत कांहीं सोय नव्हती. हिंदु शास्त्राप्रमाणें धर्मांतरानें लग्न मोडत नसे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्याला दुसरी बायको करण्याची मनाई. पहिली तर येत नाहीं. पुढें पीनल कोड आलें, त्यांत पहिलें लग्न कायम असतां दुसरें करणें हा गुन्हा ठरला. वीसबावीस वर्षांचे तरुण ख्रिस्ती या कोंडींत सांपडले व मिशनऱ्यांनीं सरकारकडे तगादा लावला. अखेर हेन्री मेन हे कायदेखात्याचे सभासद असतां १८६६ चा एकविसावा कायदा झाला.

हा कायदा आज कोणी वाचीत नाहीं, पण तो वाचण्यासारखा आहे. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या पत्नीनें अथवा पतीनें केवळ धर्मांतरामुळें सहा महिने टाकलें असेल, तर त्याला सहवासासाठीं कोर्टांत अर्ज करतां येई. कायद्याच्या अर्थानें 'पति' म्हणजे सोळा वर्षें पुरीं झालेला, 'पत्नी' म्हणजे तेरा वर्षें पुरीं झालेली. जज्जानें बायकोला विचारावयाचें, कीं तूं याच्याजवळ नांदावयास नाकारतेस काय, व नाकारीत असलीस तर कां? धर्मांतर हेंच कारण निघालें तर खटला एक वर्ष पुढें ढकलावयाचा. मधल्या काळांत नवराबायकोंची भेट घडवून आणण्याचा हुकूम जज्ज देऊं शके; आणि ही भेट कशासाठीं, तर ती स्वेच्छेनें नाकारते आहे कीं कोणाच्या धाकानें, हें कळावें म्हणून. वर्ष संपल्यावर पुन्हां तोच प्रश्न, आणि उत्तरहि तेंच आलें तर लग्न रद्द. मग दोघांनाहि, जणूं दुसरें मरण पावलें आहे असें समजून, पुनः लग्न करण्याची मोकळीक.

या कायद्याच्या कर्त्यांस आम्ही दोष देत नाहीं. बायकोला तिच्या माणसांच्या नजरेआड विचारावें, तिला विचार करण्यास वर्षभर अवधि द्यावा, हा विचार त्या काळाच्या मानानें दयाळूपणाचाच होता. परंतु दोन गोष्टी त्यांच्या ध्यानांत आल्या नाहींत, किंवा आल्या असूनहि त्यांचा इलाज त्यांच्या हातीं नव्हता. पहिली ही, कीं ती मोकळीक दोघांना सारखी नव्हती. नवऱ्याला मंडळींतली मुलगी मिळे. ब्राह्मण घरांतल्या त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीशीं कायद्यानें परवानगी दिली म्हणून कोण लग्न करणार? विधवाविवाहाचा कायदा १८५६ त झाला होता आणि तरीहि विधवा घरोघर तशाच बसल्या होत्या. मग जिचा नवरा जिवंत आहे व कागदोपत्रीं मेला आहे, तिची गोष्टच नको. दुसरी गोष्ट ही, कीं 'स्वेच्छा' हा शब्द त्या मुलीला लावावयाचा तरी कसा? आईबापांनीं ठरविलें म्हणून ती नवऱ्याकडे गेली होती. त्यांनींच ठरविलें म्हणून ती आतां जात नव्हती. जज्जासमोर ती 'नाहीं' म्हणे तें कोणाचें 'नाहीं' हें तिलाच सांगतां आलें नसतें.

कोर्टाला हवें होतें 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर, आणि तेंहि एका वर्षांत. घरांत असलें उत्तर किती काळानें व कोणत्या वाटेनें येतें, याची एक हकीकत सुदैवानें आपल्या भाषेंत लिहून राहिली आहे.

नारायण वामन टिळकांचें लक्ष्मीबाईंशीं लग्न झालें तें १८८० सालीं. लक्ष्मीबाई नाशकाजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांस इंग्रजांनीं फांशीं दिलें, आणि तेव्हांपासून त्यांचे वडील नाना यांच्या मनावर सोवळ्याचा असा विलक्षण पगडा बसला कीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येत नसे. ज्या राज्यानें सासऱ्याला फांशीं दिलें त्याचा सूड नाना घेऊं शकत नव्हते. त्याचा विटाळ तेवढा उंबऱ्याबाहेर ठेवूं शकत होते. हें आमचें अनुमान आहे, वाचकांनीं तेवढ्यापुरतेंच घ्यावें. पण अशा घरांतील मुलीला ख्रिस्ती धर्म हा आधीं देवाचा किंवा ग्रंथाचा प्रश्न म्हणून दिसेल, हें संभवतच नाहीं.

टिळक हे घर सोडून केव्हां जातील व केव्हां येतील याचा नेम आधींपासूनच नव्हता. नोकरी टिकत नसे, पैसा टिकत नसे, दारीं आलेला याचक मात्र रिकामा जात नसे. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली व त्यानें त्यांना नवा करार दिला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १० फेब्रुवारी १८९५ रोजीं, टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी माहेरच्या माणसांत. पदरीं एकुलता एक मुलगा दत्तू, वय तीनचार वर्षांचें.

यापुढें सुमारें पांच वर्षें हीं नवराबायको वेगळीं राहिलीं. लक्ष्मीबाईंनीं त्यांतला बराच काळ पंढरपुरास आपली बहीण भिकूताई हिच्या घरीं काढला. 'स्मृतिचित्रें' वाचतांना आम्हांस सर्वांत आश्चर्य वाटलें तें त्या घरच्या माणसांविषयींच्या त्यांच्या शब्दांचें. त्यांनीं लक्ष्मीबाईंना सांभाळलें, मुलाला वाढविलें, दुःखांत हात दिला. मिशनरी कागदांतून हिंदु नातलग येतात ते बहुतेक बंदीशाळेचे पहारेकरी म्हणून. आणि आपल्या बाजूच्या लिखाणांतून बाटलेला नवरा येतो तो बायकोमुलांवर पाणी सोडणारा निर्दय म्हणून. या पुस्तकांत दोन्हीं बाजूंस माणसें आहेत. बहिणीच्या घरीं लक्ष्मीबाईंना आसरा होता, पण तो सवाष्ण असून सवाष्णपण नाहीं अशा बाईचा आसरा. नवऱ्याचें नांव निघालें म्हणजे घरांत कोणी काय बोलावें हें कोणालाच कळत नसे.

१८६६ चा कायदा या वेळीं जारी होता. सहा महिने कधींच उलटून गेले होते. टिळक त्या वाटेनें गेले नाहींत. ते पत्रें लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. टिळकांचा स्वभाव ज्यांनीं वाचला आहे त्यांना या सबुरीचें नवल वाटेल. ज्या माणसाला स्टेशनावर गाडीची वाट पाहवत नसेल असें वाटावें, तो येथें पांच वर्षें थांबला.

आणि लक्ष्मीबाई परतल्या त्या ख्रिस्ती होऊन परतल्या नाहींत. नवऱ्याकडे जाणें आणि नवऱ्याचा धर्म घेणें, या दोन गोष्टी कायद्याला व मंडळीलाहि जवळजवळ एकच वाटत. त्यांनीं त्या वेगळ्या ठेवल्या. अहमदनगर हें १८३१ पासून अमेरिकन मिशनचें ठाणें. तेथें टिळक शिकविण्याच्या कामावर होते. त्यांच्याकडे आल्यावरहि लक्ष्मीबाईंचें सोवळें, निराळा स्वयंपाक, शिवाशिवीचा विचार, सर्व चालूच राहिलें. टिळकांनींहि त्यासाठीं हट्ट धरला नाहीं. पौलाचा प्रश्न येथें नव्या रीतीनें सुटला म्हणावयाचा: बायको नांदावयास राजी, ताटाला नाराजी, आणि नवऱ्याला तेवढ्यांत समाधान. हा काळ बाहेरच्यांना मोठा विचित्र वाटला असला पाहिजे. हिंदु म्हणणार, ही बाटल्याच्या घरीं राहते. ख्रिस्ती म्हणणार, ही आमच्या हातचें पाणी घेत नाहीं.

पुढें बदल झाला तोहि पाण्यापासूनच. येशूच्या देवत्वाचीं प्रमाणें तपासून लक्ष्मीबाईंचें मन वळलें असें त्या कोठें म्हणत नाहींत. जाति देवानें केल्या कीं माणसांनीं, हा एकच प्रश्न त्यांनीं मनांत घोळविला. त्या माणसांनीं केल्या असें एकदां मनानें घेतल्यावर त्यांनीं दुसऱ्याच्या हातचें पाणी घेतलें. त्यानंतरचा मार्ग सोपा होता. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. नानांनीं जो दरवाजा सोवळ्यानें बंद केला होता तो मुलीनें त्याच बाजूनें उघडला. तत्त्वज्ञानाची खिडकी टिळकांची, ती त्यांनीं वापरलीच नाहीं.

सर्वच घरांत वाद चुलीपाशींच असे, असें मात्र म्हणतां येत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८० सालीं बांकीपुरास बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणीनें लग्न केलें, तें १८७२ च्या कायद्याखालीं. त्या कायद्यांत वधूवरांनीं आपण हिंदु नाहीं, ख्रिस्ती नाहीं, वगैरे जाहीर करावें लागे. म्हणजे जातीचा व ताटाचा प्रश्न त्या घरांत उरलाच नव्हता. पति मिशन शाळेंत शिकलेला. तरीहि सिल्चरला रमाबाईंचा ओढा ख्रिस्ती ग्रंथाकडे वळूं लागला तेव्हां, पत्नीनें उघड ख्रिस्ती व्हावें ही कल्पना त्याला रुचली नाहीं. १८८२ च्या फेब्रुवारींत तो वारला. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. पति जगता तर त्या घरांत काय झालें असतें, हें कोणाला सांगतां येणार? सुधारकाच्या घरींहि बायकोनें आपल्यापुढें एक पाऊल टाकलेलें खपत नाहीं, एवढें मात्र दिसून येतें. आणि त्याला सोवळें कारण नसतें.

टिळकांच्या आयुष्याच्या शेवटीं या गोष्टीचा एक धागा पुन्हां वर येतो. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला व 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांत बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्हीं प्रकारचे ख्रिस्तानुयायी एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. मिशनऱ्यांपैकीं कित्येकांना ती पटणें कठीण गेलें. परंतु बाप्तिस्मा न झालेल्या माणसाबरोबर एका छपराखालीं देवाचें नांव घेऊन राहतां येतें, हें टिळकांनीं आपल्या घरांतच पाहिलें होतें. दोन वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, ते मुंबईस वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें; शाळेंत न गेलेल्या बाईनें. १९३४ पासून त्यांचीं 'स्मृतिचित्रें' पुस्तकरूपानें प्रसिद्ध होऊं लागलीं. ख्रिस्ती होऊन तेव्हां त्यांना चौतीस वर्षें झालीं होतीं. त्यांनीं आरंभ केला तो नानांच्या सोवळ्यापासून.