दूरचित्रवाणीची देवघेव

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाते. ज्या काळी आगगाडी नव्हती, छापखाना नव्हता, त्या काळी या संताची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली आणि १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांच्या ६१ पदांना आदराचे स्थान मिळाले. हा केवळ भक्तीचा महिमा नव्हे. त्यामागे एक व्यवस्था होती. एका गावची रचना दुसऱ्या गावी जावयाची म्हणजे ती वाहून नेणारा मनुष्य हवा, ती ऐकणारा समुदाय हवा आणि ऐकणाऱ्यांना ती आपल्या बोलीत पुन्हा गाण्याची मोकळीक हवी. कीर्तन, भजन आणि दिंडी यांनी या तिन्ही गरजा भागविल्या. विसाव्या शतकात हेच कार्य प्रथम नभोवाणीने व पुढे दूरचित्रवाणीने अंगावर घेतले. यंत्र मिळाले, परंतु या तीन गोष्टींपैकी किती मिळाल्या, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

हिंगोली त्या काळी हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत असे. निजाम सरकारने १९३५ साली हैदराबादचे नभोवाणी केंद्र आपल्या हाती घेतले. तेथे मान उर्दूला होता. मराठी, तेलुगू व कानडी या प्रजेच्या भाषांच्या वाट्याला थोडा वेळ येई. परभणीकडील शेतकऱ्याने हैदराबादेहून येईल ते ऐकावे, एवढाच त्याचा अधिकार. आपल्या गावचे काही हैदराबादेस अथवा शेजारच्या जिल्ह्यास कळवावे, अशी सोय त्यात नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५० साली तेथील नभोवाणी आकाशवाणीत समाविष्ट झाली. तथापि वरून खाली वाहण्याची ही रीत मात्र पालटली नाही.

ती पालटण्याचा पहिला मोठा यत्न मराठी मुलखातच व्हावा, ही अभिमानाची गोष्ट होय. कॅनडा देशात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे चालू होती. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, शंका लिहून केंद्राकडे धाडावयाच्या आणि मग ठरेल ते कृतीत आणावयाचे, असा त्यांचा क्रम असे. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून हाच प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यात होती, आणि आठवड्यातून दोनदा याप्रमाणे २० कार्यक्रम झाले. गावांकडून आलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. एका गावाची अडचण व तिचे निवारण दुसऱ्या गावाच्या कानी पडू लागले. मराठवाडा त्या वेळी मुंबई राज्यात नव्हता. तो आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. सबब हिंगोलीकडील गावांना या प्रयोगाचा लाभ मिळाला नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली व १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यात आली. परंतु प्रयोगात दिसलेला उत्साह विस्तारात टिकला नाही आणि पुढे मंडळे हळूहळू विझत गेली.

दूरचित्रवाणीचा प्रश्न याहून अवघड होता, कारण चित्र तयार करणे खर्चाचे. एका केंद्राने केलेला कार्यक्रम दहा केंद्रांनी दाखविला तरच खर्च परवडावा. अमेरिकेत १९५२ साली फोर्ड प्रतिष्ठानाच्या द्रव्यसाहाय्याने एक शैक्षणिक संस्था स्थापन झाली. तिने काढलेला मार्ग साधाच होता. कार्यक्रमाच्या फिल्म अथवा फिती टपालाने एका केंद्राकडे जात. तेथे त्या दाखविल्या की ते केंद्र त्या पुढच्या केंद्राकडे रवाना करी. या पद्धतीला तिकडे ‘सायकलीची फेरी’ असे नाव पडले. कारण एकाच चित्रपटाची रिळे सायकलीवरून एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात पोहोचविण्याची चाल पूर्वीपासून होती. यात्रांतून तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमाचे डबे गावोगाव फिरताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. १९७१ साली न्यूयॉर्क शहरात सामान्य नागरिकांना केबलवर आपले कार्यक्रम दाखविण्याची मुभा मिळाली, आणि पुढे अशी नागरिकांची केंद्रे अनेक नगरांत निघाली. त्यांच्या फितीही अशाच हातोहात फिरत. १९८६ साली ‘डीप डिश’ नावाच्या मंडळीने निरनिराळ्या नगरांतील फिती एकत्र गुंफून, उपग्रहावर भाड्याने वेळ घेऊन, त्या देशभरच्या केंद्रांना एकदम पुरविल्या. येथे उपग्रह वापरला गेला तो छोट्या केंद्रांनी परस्परांना देण्यासाठी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत अवतरली. घरोघरी संच असण्याचे ते दिवस नव्हते. दहा-वीस जणांनी एका संचासमोर बसावे, अशी ती सामुदायिक वस्तू होती. १९६७ साली ‘कृषिदर्शन’ सुरू झाले तेव्हा दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांतून सामुदायिक संच बसविण्यात आले. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे वर्ष. अमेरिकेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह उसना घेऊन इस्रोने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखविले. कार्यक्रम दिल्ली, कटक व हैदराबाद येथे तयार होत व अहमदाबादच्या भूकेंद्रावरून आकाशात जात. एकाच चित्रासोबत दोन ध्वनी पाठविता येत असल्याने चित्र एक आणि भाषा दोन, अशी सोय झाली. ही युक्ती पुढील काळासाठी फार मोलाची होती. कारण कार्यक्रमांच्या देवघेवीत खरा अडसर भाषेचाच असतो. परंतु त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. हिंदी, तेलुगू, कानडी व ओडिया गावांना जे मिळाले, ते मराठी गावांना मिळाले नाही.

मराठीची पाळी आली ती इन्सॅट उपग्रहाबरोबर. इन्सॅट-१बी १९८३ च्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेला. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली. हैदराबाद, भुवनेश्वर, पाटणा, अहमदाबाद व लखनौ येथेही तिच्या भगिनी संस्था स्थापन झाल्या. पाच ते आठ व नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांच्या मुलांसाठी प्रत्येक भाषेला ४५ मिनिटे, याप्रमाणे पाच भाषांचे कार्यक्रम एकामागून एक प्रक्षेपित होत. महाराष्ट्रातील खेड्यांतील मुलांनी आपल्या भाषेत भूगोल व विज्ञान पडद्यावर पाहिले, हे श्रेय त्या संस्थेचे आहे. २०१७ साली ती बंद करण्यात आली.

बालचित्रवाणीने पुष्कळ दिले. पण तिच्या रचनेतील उणीवही पाहिली पाहिजे. सहाही संस्थांची तोंडे दिल्लीकडे होती. पुण्याने केले ते दिल्लीमार्फत महाराष्ट्रास मिळे. परंतु हिंगोलीच्या एखाद्या शिक्षकाने कयाधू नदीकाठच्या शेतीवर धडा रचावा व तो नांदेड अथवा यवतमाळच्या शाळेने मागवून घ्यावा, असा मार्ग त्यात कोठेच नव्हता. दूरदर्शनच्या लहान प्रक्षेपकांचीही हीच गत झाली. १९८४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत प्रक्षेपक उभे राहिले. परंतु त्यांना चित्रशाळा नव्हती. ते दिल्लीचे आणि पुढे मुंबईचे चित्र जसेच्या तसे पुढे ढकलीत. १९९४ साली मराठीची स्वतंत्र वाहिनी आली व २००० साली तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. परभणी-हिंगोलीकडची बोली त्या पडद्यावर पाहुण्यासारखी येई.

याउलट गुजरातेतील खेडा जिल्ह्याचा दाखला आहे. १९७५ पासून पीज गावच्या लहान प्रक्षेपकावरून त्या एका जिल्ह्यापुरते कार्यक्रम दाखविले जात. गावकरीच त्यांत बोलत, अभिनय करीत, तक्रारी मांडीत. १९८४ साली युनेस्कोने या प्रयोगास पारितोषिक दिले आणि १९८५ साली तो प्रक्षेपक बंद झाला. शेजारी असा दुसरा पीज उभाच राहिला नव्हता. मग खेड्याने आपले काम द्यावे कोणास आणि घ्यावे कोणाकडून? एकटे केंद्र कितीही गुणी असले तरी ते वरच्या कृपेवर जगते. दहा केंद्रांची परस्परांत देवघेव असेल तर एकाच्या बंद पडण्याने सर्व काही लोपत नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता चित्रण करण्यास चित्रशाळा लागत नाही. खिशातील दूरध्वनी ते काम करतो आणि फीत टपालात टाकण्याचीही गरज उरली नाही. साधनांची सबब संपली आहे. उरला आहे तो व्यवस्थेचा प्रश्न: कोणाकडे काय आहे याची यादी कोण ठेवील, दुसऱ्याच्या बोलीत त्याचे रूपांतर कोण करील आणि पुढच्या पिढीसाठी ते जतन कोण करील? नामदेवांची पदे टिकली ती केवळ गाइली गेली म्हणून नव्हे. दूरच्या लोकांनी ती आपली मानून काळजीपूर्वक लिहून ठेविली, म्हणून ती त्या प्रदेशात आजही गाइली जातात. जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळा, वाचनालये व कृषिसंस्था यांनी मनावर घेतल्यास ही यादी ठेवण्याचे काम उद्यापासूनही सुरू होऊ शकेल. त्यास उपग्रहाची वाट पाहण्याचे कारण नाही.